चौकट कुणाच्या हाती

थेट प्रक्षेपणात कॅमेरा हाताळण्याची सगळ्यात चांगली सोय म्हणजे तो हाताळावाच न लागणं, असं माझं पक्कं मत होतं. माझं सगळं काम या मतावर उभं होतं. व्हिडिओचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय. त्यातही एका मोठ्या चित्रातून हव्या त्या भागाची चौकट कापायची आणि ती जणू वेगळा कॅमेराच आहे अशी हलवायची, हे माझं खास क्षेत्र. याला आमच्यात व्हर्च्युअल कॅमेरा म्हणतात. माणसानं 'सुरू'चं बटण दाबावं आणि बाजूला व्हावं; कुणाकडं पाहायचं, किती जवळ जायचं, कधी मागं यायचं हे यंत्रानं ठरवावं, या दिशेनं मी चाललो होतो. आज मी तसं मानत नाही. हे मत शिरूर आणि दौंड तालुक्यांत बदललं, म्हणून त्या तालुक्यांसकट सांगतो.

फोर-के कॅमेऱ्याचं चित्र ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं असतं. मोबाइलवर लोक जे पाहतात ते फार तर १९२० बाय १०८० चं. म्हणजे मोठ्या चित्रात लहान चित्राच्या चार चौकटी शेजारी शेजारी बसतात, आणि त्यातली कुठलीही एक उचलून दाखवली तरी एकही ठिपका ताणावा लागत नाही. प्रक्षेपण ७२० च्या दर्जाचं असेल, आणि गावाकडच्या नेटवर्कवर बहुतेक वेळा तेच झेपतं, तर तिप्पट जवळ जाता येतं. कॅमेरा तिवईवर एकदा घट्ट बसवायचा, पुढचं सगळं लॅपटॉपात. व्हीमिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार मिळते. फुकट मिळणाऱ्या ओबीएसमध्येही थोडी खटपट केली की जमते. २०१६ साली मेव्हो नावाचा मुठीत मावणारा कॅमेरा बाजारात आला. त्याचं सगळं आकर्षण हेच होतं, की कॅमेरा एकच, आणि मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवाल तिथं दुसरा.

सप्ताहाच्या मांडवात किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटात याचा अर्थ पैशांत मोजता येतो. तीन कॅमेरे म्हणजे तीन माणसांची हजेरी, तीन केबली, मिक्सर, आणि या सगळ्याला पुरेल एवढा जनरेटर. गावकीच्या वर्गणीतून थेट प्रक्षेपणाला किती उरतं ते ज्यानं त्या बैठका पाहिल्यात त्याला ठाऊक आहे. एका कॅमेऱ्यात तीन कॅमेऱ्यांचं काम होत असेल तर ते होणारच.

या दोन तालुक्यांत थेट प्रक्षेपण इतकं का वाढलं, याचीही एक गोष्ट आहे. बैलगाडा शर्यती ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ स्वस्त झाला. त्यामुळं शर्यती थांबल्या तेव्हा घाटात कुणी प्रक्षेपण करत नव्हतं, आणि परत सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक घाटात यूट्यूबवाले तिवया रोवून उभे होते. कीर्तनाचंही तसंच. २०२० आणि २०२१ मध्ये वारी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, सप्ताह मोजक्या माणसांत झाले. तेव्हा ज्यांनी घरात बसून कीर्तन पाहिलं त्यांना ती सवय राहिली. आता काल्याच्या कीर्तनाला मांडवात जेवढे लोक असतात त्याहून अधिक लोक पडद्यावर असू शकतात, आणि त्यांत मुंबईला, सुरतेला, दुबईला गेलेली त्याच गावची माणसं असतात.

माझ्या जुन्या मतामागं कारणं होती आणि ती आजही मला फालतू वाटत नाहीत. यंत्राला चेहरा ओळखता येतो, त्याच्यामागं चौकट सरकवता येते. २०२१ पासून ॲपलच्या आयपॅडमध्ये हे घरबसल्या दिसू लागलं. माणूस खोलीत फिरला तरी चौकट त्याला मधोमध ठेवते. मग मांडवात का नको? गावात प्रक्षेपण करणारा बहुधा एकटाच असतो. आवाज, इंटरनेट, बॅटरी, यूट्यूबवरच्या कमेंट, सगळं त्याच्याच डोक्यावर. त्याच्याकडून चौकट हलवण्याचं काम काढून घेतलं तर त्याला दिलासाच मिळेल, असं मी धरून चाललो होतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधली एक बातमी जगभर फिरली होती. इन्व्हरनेस शहरातल्या फुटबॉल क्लबनं माणसांऐवजी स्वयंचलित कॅमेरा लावला, आणि तो सामनाभर चेंडू सोडून सीमारेषेवरच्या पंचाच्या टकलाकडं पुन्हा पुन्हा जात राहिला. घरी बसलेल्या प्रेक्षकांचे गोल हुकले. ती बातमी वाचून माझं मत हललं नव्हतं. यंत्राला अजून नमुने दाखवायला हवेत, एवढाच अर्थ मी काढला होता.

मग घाट पाहिला.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातला घाट चढाचा असतो. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक गाडा स्वतंत्र सुटतो आणि घड्याळाशी पळतो. सगळ्यात पुढं घोडी आणि तिचा स्वार, मागं बैलांच्या दोन जोड्या. खालच्या रेषेवरून सुटायचं, वरच्या रेषेवर वेळ थांबते. चांगली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, बारा-तेरा सेकंदांत संपते, आणि दोन गाड्यांमधला निकाल कधी कधी सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. बारा सेकंदांसाठी वर्षभर बैल सांभाळलेले असतात, त्यामुळं त्या बारा सेकंदांत कॅमेरा कुठं होता हा प्रश्न लहान नाही.

कॅमेरा घाटाच्या अंगाला, बराच लांब, उंचावर लावला होता. तिथून अख्खा घाट एका चित्रात येत होता. माझं सॉफ्टवेअर सुटणाऱ्या गाड्याला पकडून त्याच्यामागं चौकट वर नेणार होतं. पहिल्या काही बाऱ्यांत त्यानं घोडीला पकडलं, कारण सगळ्यात आधी हलते ती घोडी. हे सुधारता येण्यासारखं होतं आणि पुढं मी ते सुधारलंही. बैल ओळखायला शिकल्यावर चौकट बैलांवर नीट बसू लागली. मी समाधानानं ते प्रक्षेपण दाखवलं ते केडगावकडच्या एका काकांना. त्यांचा जुना फोटो स्टुडिओ. लग्नं व्हीएचएसवर काढायच्या काळापासून हा माणूस कॅमेऱ्यामागं उभा आहे. बैल चौकटीच्या बरोब्बर मधोमध होते. काकांनी दोन-तीन बाऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "गाडा कुठं जाणार ते तर ठाऊक हाय ना? मग त्याच्या मागं कशाला पळायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि तो मला लगेच कळलाही नाही. त्यांचं म्हणणं असं होतं: बघणाऱ्याला बैल दिसायला हवेत हे खरंच, पण त्याहून त्याला बैलांच्या पुढचा मोकळा घाट दिसायला हवा, म्हणजे किती उरलंय ते कळतं. आणि गाडा रेषेवर पोचायच्या आधी रेषा चौकटीत यायला हवी, शेजारच्या घड्याळासकट. गाड्याबरोबर चौकट तिथं पोचली तर रेषा धावत्या चित्रात पुसट दिसते. गाडामालक मग रात्री फोन करून विचारतो की आमची बारी नीट का दाखवली नाही. शिवाय बारी एकसलग दिसली पाहिजे, मध्ये कट नको. कट आला की शंका येते.

यंत्र जे घडलं त्याच्यामागून जातं. कॅमेऱ्यामागचा जाणता माणूस जे घडणार आहे तिथं आधी जाऊन थांबतो. माझं सॉफ्टवेअर कितीही अचूक झालं असतं तरी मागूनच येणार होतं, कारण त्याला घाट ठाऊक नव्हता.

म्हणून नियंत्रण नव्यानं आखायला बसलो, तेव्हा काकांचा प्रश्नच आराखडा झाला. गाड्याची वाट ठरलेली आहे. मग चौकटीची वाटही आधीच आखून ठेवता येईल: खाली रुंद, म्हणजे सुटणं दिसेल, मध्ये थोडी जवळ, वर पुन्हा रुंद, रेषा आणि घड्याळ आत घेणारी. ही वाट शर्यत सुरू होण्याआधी निवांत बसून आखायची. प्रत्यक्ष बारीच्या वेळी हाताला एकच काम ठेवायचं, त्या वाटेवर किती पुढं आहोत एवढंच. त्यासाठी आवाजाच्या मिक्सरवर असतो तसला एक सरकता फेडर पुरतो. घाट खालून वर जातो, फेडरही खालून वर. डॉन नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात शेगडीच्या बटणांचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं, की हाताखालच्या गोष्टींची मांडणी समोरच्या गोष्टींच्या मांडणीसारखी असली तर शिकवावं लागत नाही. मी ते पुस्तक विद्यार्थी असताना वाचलं होतं. त्याचा अर्थ घाटात लागला.

काकांनी फेडर हातात घेतला आणि गाड्याच्या किंचित पुढं राहून तो वर नेला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एका चांगल्या बैलाला ते सुटतानाच ओळखत होते आणि त्या बारीला फेडर जरा लवकर ढकलत होते. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

या व्हर्च्युअल कॅमेऱ्याची इथं एक वेगळी बाजूही सांगायला हवी, कारण ती मला खर्चाइतकीच महत्त्वाची वाटते. जवळचं चित्र घेण्यासाठी पूर्वी पोरं कॅमेरा घेऊन घाटाच्या अगदी कडेला बसायची. बैल घाट सोडून गर्दीत शिरण्याचा धोका कायम असतो. लांब उंचावर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून जवळचं चित्र निघत असेल तर तिथं कुणी बसायची गरज उरत नाही. या एका कारणासाठी मी हे तंत्र प्रत्येक घाटात मागेन. त्याच वेळी, ज्या दोन पोरांना कॅमेऱ्यामागं उभं राहण्याचे पैसे मिळायचे ते आता मिळत नाहीत, हेही खरं आहे आणि माझ्यासारख्यांनी ते लपवू नये.

शिरूरहून न्हावरं, पारगाव, केडगाव करत चौफुल्याला जाणारा रस्ता या दोन तालुक्यांना जोडतो. ऊस, साखर कारखान्यांकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका. तुकाराम महाराजांची पालखी याच तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्काम करते. इथं सप्ताह हे गावाच्या वर्षातलं मोठं काम असतं. घाट मला थोडा तरी समजला असं वाटत होतं, कारण तिथं वाट एकच होती. कीर्तनात वाट नसते.

वारकरी कीर्तनाचं व्यासपीठ कॅमेऱ्याच्या नजरेनं पाहा. पुढं मधोमध बुवा, जवळ विणेकरी, एका अंगाला मृदंग, मागं अर्धवर्तुळात टाळकरी, त्यांत चाल म्हणणारे गायक. समोर एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. दोन तास. बुवा निरूपण करतात तेव्हा चेहरा हवा. दृष्टांत रंगला की हात आणि पावलंही हवीत. चाल सुरू झाली की बुवा थोडे मागं सरतात, घाम पुसतात, आणि मांडव गायकांचा होतो. गजर चढला की सगळे टाळकरी एका पावलावर हलतात. तेव्हा एकाच माणसाचं चित्र दाखवणं म्हणजे गजर न दाखवणं.

माझं स्वयंचलित सॉफ्टवेअर इथं बुवांना धरून बसलं. नेमकं तेच करायला मी त्याला शिकवलं होतं. चाल सुरू असताना ते गप्प उभ्या असलेल्या बुवांचं स्वच्छ, स्थिर, मधोमध चित्र दाखवत होतं. मग मी त्याला आवाजाकडं लक्ष द्यायला शिकवलं. आवाज वाढला की रुंद हो. त्यानंतर बुवा निरूपणात आवेशानं बोलले तरी ते रुंद होऊ लागलं, आणि गजर कळल्यावर रुंद व्हायचं तेव्हा गजर चढून गेलेला असायचा.

अशाच एका सप्ताहात लॅपटॉपवर बसल्या होत्या काकांच्या सूनबाई. माहेर वारकऱ्यांचं, भाऊ मृदंग वाजवणारा. मी त्यांच्या शेजारी बसून पाहत होतो. त्यांनी आकड्यांचा साधा, सुटा कीबोर्ड घेतला होता, संगणकाच्या दुकानात मिळतो तो. त्याच्या कळांवर चिकटपट्टीचे तुकडे आणि त्यांवर पेनानं लिहिलेलं: बुवा, बुवा जवळ, मृदंग, विणा, टाळ डावे, टाळ उजवे, मांडव, माउली. 'माउली' म्हणजे समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायका. प्रत्येक कळेला एक ठरलेली चौकट. गजर सुरू होण्याच्या आधी, मला तर काहीच जाणवलं नव्हतं, त्यांचं बोट 'मांडव'वर गेलं. चौकट सावकाश रुंद झाली आणि ती रुंद होऊन थांबते ना थांबते तोच गजर चढला.

"ताई, तुम्हाला आधी कसं कळतं?" मी विचारलं.

"दादा, मी बुवांकडं बघतच नाही तेव्हा," त्या म्हणाल्या. "मृदंगवाल्याच्या हातांकडं बघते. त्यांनी बैठक सावरली, बोटं मोकळी केली, की आता चढणार."

मी त्या दिवशी माझ्या बाजूनं बराच युक्तिवाद केला. यंत्राला मृदंगाचे हातही शिकवता येतील, असं म्हणालो. येतीलही. पण मग त्याला हेही शिकवावं लागेल की पुढच्या गावी मृदंगवाला वेगळा आहे आणि त्याची सवय वेगळी आहे. की हे बुवा दृष्टांत संपवताना एकदम आवाज खाली आणतात आणि तेव्हा जवळ जायचं असतं. की तिसऱ्या ओळीत टाळ धरून उभा असलेला मुलगा पहिल्यांदाच उभा राहिलाय आणि त्याची आजी नाशिकला मोबाइलवर डोळे लावून बसलीय. ताईंनी त्या मुलासाठी एक वेगळी कळ करून ठेवली होती. त्यावर काही लिहिलं नव्हतं. चालीच्या मध्ये दोनदा त्यांनी ती दाबली. त्याच्या घरून फोन आला होता म्हणे, आमच्या पोराला एकदा दाखवा. ती चौकट कुठल्या गणितानं निघाली असती?

तिथं माझं मत बदललं. कीर्तनात कुठं पाहायचं हे ठरवणं हा कामाचा त्रासदायक भाग नाही, तेच काम आहे. मी त्यांच्या हातून नेमकं तेच काढून घ्यायला निघालो होतो, आणि ज्याचा त्यांना खरोखर त्रास होता ते त्यांच्यावर सोडलं होतं.

त्रास कशाचा होता ते सांगतो, कारण नियंत्रण चांगलं की वाईट हे इथंच ठरतं. पहिला त्रास हालचालीचा. खऱ्या कॅमेऱ्याला वजन असतं; तिवईवरच्या मुंडीत तेलाचा अवरोध असतो; म्हणून तो सावकाश सुटतो आणि सावकाश थांबतो. कापलेल्या चौकटीला वजन नाही. ती एका क्षणात सुटते, एका क्षणात थांबते, आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं. बोटानं कितीही काळजीपूर्वक ओढली तरी ती थरथरते. हे काम यंत्राचं: कुठं जायचं ते माणूस सांगेल, कसं जायचं ते यंत्र सांभाळेल, सुरुवातीला हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. ताईंना मी वेगासाठी एक वेगळी गोल कळ दिली, डावीकडं फिरवली की निरूपणाची चाल, उजवीकडं फिरवली की गजराची. चौकटींच्या कळांखालोखाल त्यांना तीच सगळ्यात उपयोगी पडली.

दुसरा त्रास उशिराचा. टॅबलेटवर वायफायनं चित्र पाहत चौकट ओढायची अशी माझी मूळ कल्पना होती, दिसायला फार सुबक. पण वायफायवरून येणारं चित्र मागं राहतं. बोट हललं आणि परिणाम नंतर दिसला तर हात पुढं निघून जातो, मग माणूस मागं ओढतो, मग तेही जास्त होतं, आणि चौकट झुलत राहते. केबलनं जोडलेला साधा पडदा आणि कळा हे दिसायला जुनाट, पण हाताला लगेच उत्तर देणारे. सुबकपणा मी सोडून दिला.

तिसरा त्रास दिशेचा, आणि त्यावर जगात फार आधी विचार झालेला आहे. पडद्यावर बोट ठेवून डावीकडं ओढलं तर काय व्हावं? चित्र डावीकडं जावं, की कॅमेरा? दोन्ही उलट गोष्टी आहेत. १९९० साली कॉलिन वेअर आणि स्टीव्हन ऑस्बोर्न यांनी आभासी कॅमेऱ्यासाठी तीन वेगळ्या कल्पना माणसांवर करून पाहिल्या: जणू डोळाच हातात धरलाय, जणू समोरचा देखावा हातात धरलाय, आणि जणू एखादं उडतं वाहन चालवतोय. काम बदललं की सोयीची कल्पना बदलते, असं त्यांना दिसलं. १९९२ मध्ये मायकेल ग्लायशर आणि अँड्र्यू विटकिन यांनी वेगळाच रस्ता सुचवला: कॅमेऱ्याचे कोन आणि अंतरं माणसाला देऊच नका, चित्रातली वस्तू चित्रात कुठं दिसायला हवी ते त्याला सांगू द्या, कॅमेऱ्याचं गणित यंत्र करील. ताईंच्या चिकटपट्ट्यांवर तेच होतं. 'वीस अंश उजवीकडं' असं कुठंच लिहिलं नव्हतं, 'विणा' लिहिलं होतं. ओढण्याचा गोंधळ मी असा मिटवला की अख्खं मोठं चित्र पडद्यावर कायम दिसत राहील आणि त्यावर चौकटीची रेघ असेल. ओढायची ती रेघ. मग दिशेची शंका कुणालाच येत नाही, आणि चौकटीबाहेर काय चाललंय तेही दिसतं. हा दुसरा फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. पुढं काय घडणार ते बहुतेक वेळा चौकटीबाहेरच सुरू होतं.

ॲपलमध्ये मॅकिंटॉशचं काम ज्यांनी सुरू केलं त्या जेफ रॅस्किन यांनी १९९४ मध्ये लिहिलं होतं की लोक ज्याला सहज कळणारं म्हणतात ते बहुधा त्यांच्या ओळखीचं असतं. मला ते पूर्वी थोडं निराशाजनक वाटायचं. आता त्यात मला आशा दिसते. काकांना फेडर ओळखीचा होता, कारण गावोगावच्या साउंडवाल्यांबरोबर त्यांची हयात गेली. ताईंना कीबोर्ड ओळखीचा होता, कारण त्यांनी दुकानात लग्नपत्रिकांचं टायपिंग केलं होतं. नियंत्रण नव्यानं शोधायची गरज फार थोडी होती. त्यांच्या हाताला आधीच काय येतं ते विचारायची गरज होती.

जुनं मत मी पुरतं टाकून दिलेलं नाही. ग्रामसभेचं प्रक्षेपण एकट्या शिपायाला करावं लागत असेल, शाळेत शिक्षिका फळ्यासमोर एकट्याच शिकवत असतील, तर तिथं चेहऱ्यामागं जाणारी चौकट उपयोगाचीच आहे. तिथं दुसरं कुणी बसणारच नसतं. उजेड सांभाळण्याचं कामही यंत्रानं करावं. मांडवातले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकतात, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर धरलं नाही तर चित्रात पट्टे फिरतात. घाटात उन्हात मात्र शटर त्याहून बरंच जलद लागतं, नाहीतर बैलांचे पाय पुसट होतात. असल्या गोष्टी माणसानं दरवेळी लक्षात ठेवायला लागू नयेत. आणि फोर-केतून खूप जवळ गेलं की रात्रीच्या चित्रात कण दिसतात. त्याला काही इलाज नाही, उजेड वाढवावा लागतो किंवा कमी जवळ जावं लागतं. तेवढ्यापुरता खरा दुसरा कॅमेराच हवा.

शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला, आणि २००२ मध्ये तिथं फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. हातानं काम करत शिकायचं आणि गावाला लागणारी वस्तू गावातच घडवायची, हा त्यामागचा विचार. मी शहरात बसून गावासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो तेव्हा हा विचार माझ्यापासून काही कोसांवर होता, आणि मी त्याचा माझ्या कामाशी संबंध जोडला नव्हता. आता जोडतो. म्हणून माझ्या नव्या नियंत्रणात कुठल्याही कळेवर मी ठरवलेलं नाव छापलेलं नाही. कळा कोऱ्या असतात. कुठल्या कळेला कुठली चौकट, तिचा वेग किती, तिच्यावर काय लिहायचं, हे वापरणाऱ्यानं ठरवायचं, आणि एका मांडवाची मांडणी साठवून दुसऱ्या गावी थोडी बदलून वापरता येते. स्वयंचलित चौकटीचं बटणही आहे. ते बंद असतं. ज्याला हवं त्यानं लावावं, आणि कुठलीही कळ दाबली की ते लगेच माणसाच्या हाती चौकट परत देतं.

या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना एक विनंती. नियंत्रणाचा आराखडा काढण्याआधी एका सप्ताहात किंवा एका घाटात प्रक्षेपण करणाऱ्याच्या मागं जाऊन बसा, आणि त्याच्या हाताकडं नाही तर तो कुठं पाहतोय तिकडं पाहा. आणि वाचकांपैकी कुणाच्या गावात, घरात असं प्रक्षेपण होत असेल, तर त्यांच्या कळांवर चिकटपट्टी लावून काय काय लिहिलंय ते मला जरूर कळवा. मी ती नावं जमवतो आहे.